सेंट्रल हीटिंगमधली छुपी गळती: ती कशी शोधावी आणि कशी दुरुस्त करावी

पाणी तापवून नळ्यांतून खोल्यांतल्या रेडिएटरपर्यंत पाठवणाऱ्या बॉयलरवरच्या दाबमापकाचा काटा दर चार-आठ दिवसांनी खाली येतो, आपण भरणीची, म्हणजे नळाचे पाणी आत घेण्याची, चावी उघडून तो पुन्हा वर नेतो, आणि घरात ओल मात्र कुठेच दिसत नाही. छुपी गळती बहुधा अशीच लक्षात येते. ओल न दिसण्याचे कारण साधे आहे: तापलेल्या नळीवर आलेला थेंब ओघळण्याआधीच वाळून जातो आणि फरशीखालचा थेंब खालीच मुरतो.

पाणी भरून वेळ मारून नेण्याची सवय मात्र आधी मोडावी, असे मी आग्रहाने सांगेन. बंद व्यवस्थेत तेच ते पाणी फिरत असते. त्यात विरघळलेला प्राणवायू लोखंडाला गंज चढवण्यात लवकरच संपतो आणि मग गंजण्याची क्रिया मंदावते. ताज्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आत येतो, रेडिएटर आतून कुजत जातात, तळाशी काळा गाळ साचतो आणि एका गळतीच्या दोन होतात.

आधी खरोखर गळती आहे का, ते ठरवा

एक आठवडा नोंद ठेवा. सकाळी, व्यवस्था पूर्ण थंड असताना काटा किती दाखवतो आणि ती पूर्ण तापल्यावर किती, एवढे दोनच आकडे रोज लिहावेत. थंड असताना दाब साधारणपणे १ ते १.५ बार (बार हे दाबाचे एकक) असतो, तापल्यावर तो थोडा चढतो आणि थंड झाल्यावर मूळ जागी येतो. थंड आकडा रोज थोडा थोडा घसरत असेल, तर पाणी कुठेतरी झिरपत आहे. पण तापल्यावर काटा ३ बारच्या आसपास जात असेल आणि थंड झाल्यावर जवळजवळ शून्यावर येत असेल, तर दोष बहुधा प्रसरण टाकीचा आहे. पाणी तापून फुगते तेव्हा त्याला जागा मिळावी म्हणून या टाकीत रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते. ती हवा निघून गेली किंवा पडदा फाटला, की वाढलेला दाब ३ बारला उघडणाऱ्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी घराबाहेर टाकतो. व्यवस्था थंड असताना बाहेरच्या त्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैल बांधून ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिच्यात पाणी दिसले, तर फरशी फोडण्याची गरजच नाही. टाकीवर सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर पडदा गेला असे समजावे व टाकी बदलून घ्यावी. नुसती हवा कमी असेल, तर व्यवस्थेतल्या पाण्याचा दाब शून्यावर आणून, टाकीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा पंपाने भरता येते.

माळ्यावर छोटी टाकी असलेल्या जुन्या, उघड्या व्यवस्थेत दाबाचा काटा उपयोगी पडत नाही. तिथे तरंगणारा गोळा गळतीइतके पाणी गुपचूप भरत राहतो. रात्री हीटिंग बंद करून, पाणी थंड झाल्यावर तो गोळा वर बांधून ठेवावा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि सकाळी पातळी खुणेखाली गेली आहे का ते पाहावे.

बॉयलरमध्ये की नळ्यांमध्ये?

सगळ्या शोधातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे आणि तिला खर्च शून्य. रात्री बॉयलर बंद करून तो थंड होऊ द्यावा, दाब १.५ बारवर आणावा, भरणीची चावी घट्ट बंद आहे ना ते पाहावे आणि बॉयलरखालचे गरम पाणी जाण्याचे व परत येण्याचे असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत. बहुतेक बॉयलरमध्ये दाबमापक बॉयलरच्या बाजूला असतो. सकाळी काटा पडलेला असेल, तर दोष बॉयलरच्या आत आहे. काटा जागेवर असेल, पण व्हॉल्व्ह उघडताच झपकन खाली आला, तर तो नळ्यांमध्ये किंवा रेडिएटरमध्ये आहे. बॉयलर काही तास बंद असूनही त्याच्या निचऱ्याच्या नळीतून थेंब येत राहिले, तर आतला उष्णता-विनिमयक, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग, फुटल्याची शंका घ्यावी. गॅस बॉयलरचे झाकण स्वतः उघडू नये. ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचेच.

रेडिएटर आणि नळ्या

रेडिएटर थंड असताना सुरुवात करा, कारण थंडीत सांधे आकसतात आणि थेंब वाळून जात नाही. कोरडा टिश्यू पेपर बोटाभोवती गुंडाळून व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, दोन्ही टोकांच्या नटांखाली, हवा काढण्याच्या स्क्रूवर आणि रेडिएटरच्या तळाच्या शिवणीवरून हळूहळू फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर करड्या ठिपक्याने उमटते. तांब्याच्या नळीवर हिरवट-पांढरा थर किंवा नटाखाली तपकिरी ओघळ दिसला, तर तिथून बऱ्याच काळापासून पाणी येत आहे.

काहीच सापडले नाही, तर प्रत्येक रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. दोन्हींपैकी प्लास्टिकच्या टोपीखाली झाकलेला व्हॉल्व्ह बंद करताना फेरे मोजून लिहून ठेवा, म्हणजे पुढे तेवढाच उघडता येईल. सकाळी एकेक रेडिएटर उघडताना काटा पाहत राहा. ज्याच्या वेळी तो दचकून खाली येतो, तो रेडिएटर गळका. रेडिएटर बंद असूनही काटा रात्रीतच घसरला असेल, तर संशय फरशीखालच्या नळ्यांवर जातो. तिथे फोडाफोड करण्याआधी तज्ज्ञ बोलवावा. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात गरम पाणी पसरलेली जागा डागासारखी दिसते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे नळ्या रिकाम्या करून त्यांत ५ टक्के हायड्रोजन व ९५ टक्के नायट्रोजन यांचे न पेटणारे मिश्रण सोडणे; हा हलका वायू फटीतून वर येतो आणि यंत्र नेमकी जागा दाखवते.

दुरुस्ती

दांड्याभोवती झिरपत असेल, तर त्यावरचा छोटा नट पान्याने पाव फेरा आवळावा. तेवढ्याने थांबले नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून नट वर सरकवावा, टेफ्लॉन टेपची पीळदार दोरी करून दांड्याभोवती दाबून बसवावी आणि नट पुन्हा आवळावा. व्हॉल्व्हच्या टोकाच्या मोठ्या नटाखाली ओल असेल, तर तो आवळताना दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्ह धरून ठेवावा, नाहीतर नळीच पिळली जाते. सुईच्या टोकाएवढे भोक पडलेला रेडिएटर बदलावाच, कारण तो आतून सगळीकडेच पातळ झालेला असतो. नळी फुटली असेल, तर पाणी काढून खराब तुकडा कापावा आणि सरकत्या जोडाने किंवा डाख देऊन नवा तुकडा बसवावा. काँक्रीटमधून जाणाऱ्या नळीवर संरक्षक आवरण चढवल्याशिवाय ती बुजवू नये. पाण्यात ओतायची गळतीरोधक द्रव्ये बारीक झिरपा थांबवतात खरी, पण मी ती तात्पुरतीच मानतो.

शेवटी पाणी भरताना गंजरोधक द्रव्य घालावे, सर्व रेडिएटरमधली हवा काढावी आणि थंड स्थितीतला दाब १ ते १.५ बारवर आणून भरणीची नळी सोडवून ठेवावी. उघडलेली फरशी लगेच झाकू नये: व्यवस्था पूर्ण तापवून पूर्ण थंड होऊ द्यावी, असे दोन-तीन दिवस करावे आणि रोज सकाळी तोच आकडा दिसला, तरच गिलावा करावा.