इलेक्शनच्या काळात बातम्या कशा वाचायच्या

इलेक्शन लागलं की आधी एक करा, आपल्या मतदारसंघाची एकच बातमी दोन-तीन पेपरात शेजारी शेजारी ठेवून वाचा. 2009 च्या विधानसभेला महाराष्ट्रात वेगवेगळ्या पेपरांत, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावांनी, शब्द न शब्द तोच मजकूर छापून आला होता, त्यावरून पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराचा, केवढा गदारोळ झाला! हे ओळखायचं कसं? विरोधकाचं नावच नाही, गर्दीचा आकडा कोणी सांगितला ते नाही, नुसतं "प्रचंड प्रतिसाद" आणि "विजय निश्चित". असं दिसलं की कात्रण किंवा स्क्रीनशॉट ठेवा आणि जिल्ह्याच्या एमसीएमसीकडे, म्हणजे निवडणुकीत पेड न्यूजवर नजर ठेवणाऱ्या कमिटीकडे, तक्रार द्या, पेड ठरलं तर तो खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरतात.

ओपिनियन पोल दिसला तर सॅम्पल किती, कधी घेतला, पैसे कोणी दिले एवढं बघा, कारण "हाच येणार" असं रोज ऐकून कुंपणावरचा माणूस तिकडे झुकतो किंवा मतदानालाच जात नाही, आणि मला हे फार वाईट वाटतं. आणि अंदाज चुकतातही, अगदी मतदानानंतरचे एक्झिट पोलसुद्धा: 2024 च्या लोकसभेला त्यातले बहुतेक एनडीएला 350 जागांच्या पुढे नेत होते, आल्या 293.

आणि काय दाखवत नाहीयेत तेही बघा. चॅनलवर एका नेत्याच्या एका वाक्यावर दिवसभर डिबेट चालते, पण डिसेंबर 2023 च्या कांदा निर्यातबंदीनंतर नाशिककडच्या शेतकऱ्याचं काय झालं यावर किती वेळ दिला? आपले तीन प्रश्न आधीच कागदावर लिहा, मग टीव्ही लावा. उमेदवाराचं अ‍ॅफिडेव्हिट निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट मिळतं, केसेस आणि प्रॉपर्टी तिथेच वाचा.