अ‍ॅपवरून रुग्णसेवेची ड्युटी घेताना

ताईंनो, मी जुळे सोलापूर भागात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. ड्युटी अ‍ॅपवर येते, पैसेही अ‍ॅपच कापतं. म्हणून ड्युटी घेण्याआधी ऑफिसला फोन लावा. पेशंट उठून बसतो का, नळी लावलीय का, रात्री पाठ टेकायला जागा आहे का, सगळं विचारा. अ‍ॅपवर नुसतं ‘वृद्धसेवा’ लिहिलेलं असतं. ८० किलोच्या माणसाला एकटीनं कुशीवर वळवायचंय, हे तिथं गेल्यावर कळून उपयोग नाही. आपली कंबर गेली तर घर कोण चालवणार?

पोचल्याबरोबर हजेरी लावा आणि स्क्रीनशॉट काढा. होटगी रोडच्या एका घरात रेंज नव्हती, लोकेशन चुकलं आणि माझी अर्धी रात्र कापली. वहीत येण्या-जाण्याची वेळ आणि घरच्यांची सही होती, म्हणून पैसे परत मिळाले. ती वही रोज भरा.

धुणीभांडी सांगितली तर शांतपणे ऑफिसला फोन जोडून द्या.

ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, मात्र टाळू नका. ती मोफत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, म्हणजे केंद्राच्या कायद्यात, अ‍ॅपवरच्या कामगारांचा समावेश आहे, आरोग्यसेवेतल्याही. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची आहे. नोंदणीसाठी सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन कामं करून मिळतात तिथं) जाताना आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि पासबुक घेऊन जा.