चवड्यातल्या नसेचं दुखणं: जागा ओळखा, पॅड नेमकं बसवा

चालताना चवड्याखाली खडा रुतल्यासारखं वाटतं. बूट काढून झटकला तर आत काहीच नसतं. आणखी थोडं चाललं की तिथेच जळजळ सुरू होते, कळ दोन बोटांत शिरते, कधी बोटांना मुंग्या येतात. बूट काढून चवडा चोळला की काही मिनिटांत बरं वाटतं. ही शेवटची खूण फार महत्त्वाची. दुखणं बुटात वाढत असेल आणि अनवाणी बसल्यावर उतरत असेल, तर बोटांकडे जाणारी नस दाबली जात असण्याची दाट शक्यता असते. डॉक्टर याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. अमेरिकी सर्जन थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. ही कॅन्सरची गाठ नव्हे. नसेभोवतीचं आवरण सततच्या दाबाने जाड आणि चिवट झालेलं असतं, एवढंच.

दाब नेमका कुठून येतो, हे कळलं तर पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात. चवड्यात पाच लांब हाडं असतात आणि त्यांची पुढची टोकं एका चिवट पट्ट्याने आडवी बांधलेली असतात. बोटांच्या नसा या टोकांच्या मधून, पट्ट्याच्या खालून बेचक्यात जातात. टाच उचलून बोटं वर वाकली की नस ताणली जाते आणि पट्ट्याच्या कडेवर घासते. निमुळता बूट हाडांची टोकं बाजूने आवळतो. उंच टाचेच्या चपलेत दोन्ही गोष्टी एकदमच होतात. सर्वांत जास्त त्रास तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमधल्या जागेत होतो, त्याखालोखाल दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांमध्ये. एक नस दोन बोटांच्या समोरासमोरच्या बाजूंना संवेदना देते. त्यामुळे बधिरपणाही तिथेच जाणवतो.

घरच्या घरी तपासणी

खुर्चीत बसा आणि दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. अंगठा तळव्याच्या बाजूने आणि तर्जनी वरच्या बाजूने ठेवून बेचक्याच्या किंचित मागे, दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत चिमटा घ्या. मग अंगठा थोडा सरकवून शेजारच्या हाडाच्या टोकावर तेवढाच दाब द्या. मऊ जागेत दाबल्यावर ओळखीची कळ उठली आणि हाडावर उठली नाही, तर संशय नसेवरच जातो. आता तोच दाब कायम ठेवून दुसऱ्या हाताने चवडा दोन्ही बाजूंनी आवळा. कधी बोटाखाली ‘टक्’ असं काहीतरी सरकतं आणि कळ बोटांत जाते. नुसता टक् आवाज आला, पण दुखलं नाही, तर त्याला अर्थ नाही. निरोगी पायातही तो येतो.

काही खुणा मात्र वेगळंच सांगतात. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी सूज असेल आणि ते बोट वर उचललं जात असेल किंवा शेजारच्या बोटाकडे झुकत असेल, तर सांध्याखालची जाड पट्टी फाटलेली असू शकते. चालणं किंवा धावणं अचानक वाढवल्यावर हाडाच्या एकाच जागी दुखू लागलं आणि पायाच्या वरच्या बाजूला सूज आली, तर हाडाला तडा गेल्याचा विचार करावा लागतो. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये असा तडा बरेचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी पायाला विश्रांती द्याच. दोन्ही पायांची सगळी बोटं बधिर असतील आणि जळजळ रात्री वाढत असेल, तर मधुमेह आणि बी-१२ची तपासणी करून घ्या. अशा वेळी पॅडने काही साधणार नाही.

आधी बूट, मग बाकीचं

एका कागदावर अनवाणी, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड काढून घ्या. बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, काढून त्या आकृतीवर ठेवा. चवड्याजवळ आकृती इनसोलच्या बाहेर येत असेल, तर तो बूट बाद. एक नंबर मोठा घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याने लांबी वाढते आणि पाय पुढे सरकून पुन्हा निमुळत्या भागातच अडकतो. हवी असते ती रुंदी. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी आणि टाचेची उंची साधारण अडीच सेंटीमीटरच्या आत असावी. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बुटाचा तळ नुसत्या हातांनी सहज दुमडेल इतका लवचीक नको, कारण त्यात प्रत्येक पावलाला बोटं जास्त वाकतात. अगदी पातळ, सपाट चपलाही त्याच कारणाने त्रास देतात. लेसचे बूट असतील, तर बोटांकडची पहिली दोन भोकं सोडून लेस ओवा. चवड्यावरचा ताण लगेच सैल होतो.

पॅड बसवताना

मेटाटार्सल पॅड म्हणजे थेंबाच्या आकाराची, मधोमध फुगीर अशी छोटी गादी. बहुतेक लोक ती दुखऱ्या जागेखालीच चिकटवतात आणि दुखणं वाढवून घेतात. पॅडचं काम हाडांच्या टोकांच्या मागून आधार देऊन ती टोकं उचलणं आणि एकमेकांपासून थोडी दूर करणं हे आहे. म्हणून ते दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला बसायला हवं.

जागा डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका. दुखऱ्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावा, इनसोल बुटात घाला, बूट चढवा आणि दोन पावलं चाला. इनसोलवर ठिपका उमटेल. पॅडची पुढची, रुंद कड त्या ठिपक्याच्या अर्धा ते एक सेंटीमीटर मागे येईल असं पॅड ठेवा, निमुळतं टोक टाचेकडे. पहिल्या दिवशी पक्कं चिकटवू नका, दुहेरी टेपने बसवा. सुरुवात ३ मिलिमीटर जाडीने करा. ६ मिलिमीटरचं पॅड आधीच तंग असलेल्या बुटात घातलं, तर पाय वरून आवळला जातो आणि सगळा फायदा वाया जातो.

पहिल्या दिवशी तास-दोन तासच वापरा. तळव्याच्या कमानीत थोडंसं अनोळखी वाटणं ठीक, पण टोचता कामा नये. कळ वाढली तर पॅड जास्त पुढे आहे, २-३ मिलिमीटर मागे घ्या. काहीच फरक नसेल आणि कमानीत गोळा जाणवत असेल, तर ते जास्त मागे गेलंय. जागा सापडायला चार-पाच दिवस लागले तरी चालतील. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल, तर हा प्रयोग स्वतः करू नका. पॅडखाली झालेली जखम कळणारच नाही.

पोटरी आखडलेली असेल, तर टाच लवकर उचलली जाते आणि भार चवड्यावर येतो. भिंतीला हात टेकून मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवा, ३० सेकंद ताण द्या. हे तीन वेळा, दिवसातून दोनदा करा. बोटं मागे खेचून ताणण्याचे व्यायाम, चवड्यावर बसणं आणि दोरीउड्या सध्या टाळा. पोहणं चालेल. सायकल चालवताना पॅडल चवड्याखाली न घेता थोडं मागे घ्या. कळ उठलेल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं ठेवा. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी तात्पुरता आराम मिळतो, मात्र मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

यानेही भागलं नाही तर

बूट आणि पॅड नीट बसल्यावर ६ ते १२ आठवडे वाट पाहा. त्यानंतर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून निदान पक्कं करता येतं. पुढची पायरी सहसा स्टेरॉइडचं इंजेक्शन, तेही सोनोग्राफीत पाहत, पायाच्या वरच्या बाजूने. आराम कित्येकांना मिळतो, पण तो कायम टिकेलच असं नाही. वारंवार घेतल्यास तळव्याखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते आणि त्वचेचा रंग उडू शकतो, म्हणून ‘आणखी एक घेऊन बघू’ असं करत राहू नका. रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे रेडिओ लहरींच्या उष्णतेने, नस निकामी करण्याचा पर्यायही काही ठिकाणी असतो.

शस्त्रक्रियेत एकतर तो आडवा पट्टा कापून नसेला जागा करून देतात किंवा जाड झालेला नसेचा भागच काढून टाकतात. नस काढली की त्या दोन बोटांमधला बधिरपणा कायमचा राहतो. बहुतेकांना त्याचा त्रास वाटत नाही, पण निर्णय घेण्याआधी हे माहीत हवं. कापलेल्या टोकाशी पुन्हा दुखरी गाठ होण्याचा धोकाही थोडा असतो, आणि ती पहिल्या दुखण्यापेक्षा हट्टी असते. सर्जनला दोन गोष्टी थेट विचारा: छेद वरून देणार की तळव्यातून, आणि पूर्ण वजन टाकून कधी चालता येईल. तळव्यातल्या छेदाचा व्रण चालताना खुपू शकतो, त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेसाठी बरेच सर्जन वरून छेद देतात.

विश्रांतीतही न थांबणारं दुखणं, लाल-गरम सूज, ताप, किंवा मधुमेह असताना पायावर कोणतीही जखम दिसली, तर वर सांगितलेले १२ आठवडे थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.