डंजनच्या टाइल आणि न जुळणारी राखाडी

डंजनच्या टाइल, म्हणजे टेबलावरच्या खेळात भुयार मांडण्यासाठीचे दगडी फरशीसारखे तुकडे, रंगवू पाहणाऱ्याला ब्रश कसा धरावा किंवा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, कशासाठी लावावा, हे सहसा सांगावे लागत नाही; मिनिएचर, म्हणजे खेळातल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, रंगवताना ते हाताला सवयीचे झालेले असते. नेमकी हीच सवय टेरेनमध्ये, म्हणजे खेळाच्या पटावरच्या देखाव्यात, दगा देते. मिनिएचर पटावर एकटे उभे राहते, टाइल मात्र कधीच एकटी नसते. खेळातल्या पाच फुटांसाठी साधारण २५ मिलिमीटरचा चौकोन, हे माप पाळलेली कोणतीही टाइल दुसऱ्या कोणत्याही टाइलला खेटून बसू शकते, आणि मग दोन्हींच्या राखाडीतला फरक लपवायला जागाच उरत नाही.

मला सर्वांत जास्त छळले ते या राखाडीनेच. ॲक्रिलिक रंगातला बाइंडर, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा घटक, ओला असताना दुधाळ असतो आणि वाळताना पारदर्शक होत जातो; त्यामुळे वाळलेला रंग ओल्यापेक्षा गडद दिसतो. पॅलेटवरची ओली छटा जुन्या, वाळलेल्या टाइलशेजारी धरून जुळवली, तर ती जुळल्यासारखी वाटते आणि वाळल्यावर गडद निघते. पुढच्या वेळी अंदाजाने पांढरा वाढवला की ती फिकी पडते. कित्येक महिने माझे भुयार ठिगळे जोडल्यासारखे दिसत होते आणि दोष नजरेचा आहे, असेच मी समजत होते. दोष नजरेचा नसतो. म्हणून बेसकोटची, म्हणजे सगळ्या टाइलवर लावायच्या मूळ थराची, राखाडी दर बैठकीला नव्याने मिसळू नये. बाटलीतला तयार रंग वापरावा, किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत पुरेशी राखाडी एकदाच मिसळून ठेवावी आणि टाइलच्या खालच्या बाजूला लावून, पूर्ण वाळवून मगच पारखावी. ड्रायब्रशचा, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर घासलेला, फिका रंग फक्त कडा पकडतो, त्यामुळे तिथे थोडी मोकळीक घेता येते.

शिकवणारे बहुधा एकच टाइल देखणी करून दाखवतात. त्यांच्यामागे चाळीस टाइलची रांग ताटकळत नसते, हे त्यांचे सल्ले ऐकताना लक्षात असू द्यावे. सगळ्या टाइलवर वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, ओतून मोकळे होण्याची युक्तीही मला पटत नाही, कारण सपाट फरशीवर वॉशची डबकी साचतात आणि वाळल्यावर त्यांची वर्तुळे उरतात. वॉश सांध्यांत सोडावा आणि वर साचलेला कोरड्या ब्रशने टिपून घ्यावा.

एक्सपीएस फोमच्या, म्हणजे थर्मोकोलसारख्या पण दाट फोमच्या, टाइलवर स्प्रे प्रायमर थेट मारू नये. त्यातले द्रावक फोम खाऊन टाकतात; लांबून मारले तर चालते, असे कोणी सांगितले तरी ऐकू नये. आधी पीव्हीए, म्हणजे पांढऱ्या, गोंदात काळा रंग मिसळून, कापलेल्या कडांसह सगळा फोम झाकावा.

रंग जुळला नाही म्हणून टाइल फेकण्याची मात्र गरज नाही, कारण दगड पुष्कळ सांभाळून घेतो. सगळ्या टाइल शेजारी मांडून त्यांवर एकच पातळ तपकिरी वॉश फिरवावा आणि तो वाळल्यावर एकाच फिक्या रंगाने ड्रायब्रश करावे. बराचसा फरक त्यात विरतो. तरीही वेगळ्या दिसणाऱ्या टाइल एकत्र करून त्यांच्या सांध्यांत शेवाळी हिरवा भरावा आणि त्यांचे एक स्वतंत्र, ओलसर दालन मांडावे.