सारख्या दिसणाऱ्या ट्रायकोग्रामा डीएनएवरून कशा ओळखायच्या

ट्रायकोग्रामा म्हणजे किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी बारीक गांधीलमाशी, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तिच्या जाती दिसायला इतक्या सारख्या की मायक्रोस्कोपखाली नराचं जननेंद्रिय बघूनच फरक कळतो, पण काही वाणांत वोल्बाकिया नावाच्या बॅक्टेरियामुळे नुसत्या माद्याच जन्मतात, मग नर आणायचा कुठून? कीड रोखायला चुकीची जात शेतात सोडली तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते, म्हणून डीएनए बघाच.

माशी पकडली की लगेच ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये टाका आणि फ्रीजरला ठेवा. एका ट्यूबमध्ये एकच माशी, हे अजिबात विसरू नका. माशी चिरडू नका, प्रोटिनेज के या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणात अख्खीच ५६ डिग्रीला भिजवा, डीएनए बाहेर येतो आणि रिकामं कवच स्लाइडवर लावायला उरतं, पुढे शंका आली की तेच कामी येतं.

मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं. सीओआय बारकोड, म्हणजे जाती ओळखायला नेहमी वापरतात तो जनुकाचा तुकडा, चालतो, पण ट्रायकोग्रामासाठी मला आयटीएस२ हा डीएनएचा दुसरा तुकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याची लांबीच जातीगणिक बदलते, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टा वरखाली दिसला की बरंच कळतं. लांबी सारखी आली तर सिक्वेन्सिंग करा, म्हणजे तुकड्यातली डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून घ्या. बिनडीएनएची ट्यूब दर वेळी सोबत चालवा, तिच्यात पट्टा आला तर बाहेरचा डीएनए मिसळलाय असं समजा, अख्खी बॅच फेकून परत करा.

सिक्वेन्स जीनबँक या सार्वजनिक डीएनए-संग्रहात जुळला तरी लगेच खूश होऊ नका हां, तिथे चुकीच्या नावाच्या नोंदीही असतात, तज्ज्ञाने ओळखलेल्या नमुन्याशी ताडून बघा.