नोकरी बदलताना पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा: या चुका टाळा

नवी ऑफर आली की पगाराचा आकडा आपण दहादा तपासतो. जुन्या कंपनीत साठलेली सेवेची वर्षं मात्र सहसा कुणी मोजत नाही, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

सगळ्यात महागात पडतं ते दोन नोकऱ्यांच्या मधे पीएफ काढून घेणं. सलग 5 वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र ठरते. ती 50,000 रुपये किंवा जास्त असेल तर पॅन देऊनही 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तीच रक्कम नव्या खात्यात वळवली तर जुन्या कंपनीतली वर्षंही या 5 वर्षांत धरतात. पीएफमधला पेन्शनचा हिस्सा उचलणं त्याहून वाईट. मासिक पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते आणि पैसे उचलले की तोवरची सेवा हिशेबातून जाते. नवी नोकरी लगेच नसेल तर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे तोवरच्या सेवेचा दाखला, मागा.

पीएफची ट्रान्सफर अडकली असेल तर आधी यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा. बऱ्याचदा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. एचआरला मेल करून थकलात तरी हरकत नाही: पीएफचा शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मध्ये जाऊन आधारच्या ओटीपीने तारीख तुम्हाला स्वतः भरता येते. नव्या कंपनीत रुजू होताना जुनाच यूएएन द्या, नाहीतर दुसरा तयार होतो आणि निस्तरत बसावं लागतं.

ट्रान्सफरनंतर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं की अनेकांचं धाबं दणाणतं. पैसे बुडालेले नसतात. पेन्शन त्या रकान्यातल्या रकमेवर ठरत नाही, तर सेवेची वर्षं आणि वेतन यांवर ठरते. म्हणून जुनी सेवा नव्या खात्याला जोडली गेली की नाही, एवढं जरूर पाहा.

राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेबद्दल कंपनी एकरकमी देते त्या पैशांचा, हिशेब करा. कायम नोकरीत 5 वर्षं झाली की दर वर्षामागे 15 दिवसांचं वेतन मिळतं, आणि त्यासाठी महिना 26 दिवसांचा धरतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 26,000 असेल तर वर्षाला 15,000, म्हणजे 5 वर्षांचे 75,000 रुपये. पाच वर्षांना दोन-तीन महिने उरले असतील तर नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागायला अजिबात संकोचू नका.

आरोग्य विम्याबाबत माझं मत ठाम आहे: फक्त कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर घर अवलंबून ठेवू नये. ती साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपते आणि त्यात आई-वडील असतील तर त्यांचंही संरक्षण जातं. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याऐवजी कंपनी सोडण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा, म्हणजे ग्रुपमध्ये काढलेला काळ या प्रतीक्षेतून वजा होतो.

नॉमिनेशनही पाहून घ्या. लग्नाआधी पीएफला दिलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद होतं, ते नव्याने भरावं लागतं.