बायग्वानाइडवरचा स्विमिंग पूल क्लोरीनवर कसा आणावा

कासच्या वाटेवर किंवा पाचगणीत पूलसकट बंगला घेतला असेल, तर पंपाच्या खोलीतल्या कॅनचं लेबल आधी वाचा. त्यावर बायग्वानाइड किंवा पीएचएमबी (क्लोरीनऐवजी वापरतात ते जंतुनाशक) लिहिलं असेल, तर हा पूल क्लोरीनचा नाही. या औषधाचं क्लोरीनशी अजिबात जमत नाही. दोन्ही एकत्र आली की पाणी पिवळट-तपकिरी होतं आणि टाकलेलं क्लोरीन बघता बघता संपतं.

मे महिन्याची गर्दी ओसरली की काम काढा. मध्ये बुकिंग घेऊ नका. बायग्वानाइड आणि त्याच्या जोडीचं हायड्रोजन पेरॉक्साइड, दोन्ही घालणं बंद करा. जमेल तर अर्धं पाणी बदला, म्हणजे औषधही अर्धं होतं. काढलेलं पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. पूल पूर्ण रिकामा करायचा मोह मात्र टाळा. सांगलीत कृष्णाकाठी पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या टाकीला खालून उचलतं.

आता पीएच ७.२ ते ७.५ वर आणा. नंतर क्लोरीन वाढलं की पीएचचं रीडिंग भरवशाचं राहत नाही.

मग हायपो, म्हणजे द्रवरूप क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट). एक लाख लिटरच्या पूलला १२ टक्क्यांचं साडेबारा लिटर हायपो घातलं की सुमारे १५ पीपीएम (दर लिटरला १५ मिलिग्रॅम) क्लोरीन होतं. संध्याकाळी, पंप चालू ठेवून, हळूहळू ओता. पीएच उतरवायचं ॲसिड आणि हायपो एकत्र कधीच येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. केअरटेकर टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) गोळ्या आणून देईल, त्या सध्या बाजूला ठेवा: त्यांतून सायन्युरिक ॲसिड (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) साठत जातं आणि क्लोरीनचा जोर मंदावतो.

पाण्याचा रंग बघून घाबरू नका, औषध जळतंय. दिवसातून दोन-तीनदा तपासून क्लोरीन पुन्हा १५ वर न्या, तळ आणि भिंती घासा, फिल्टरचा दाब वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलट सोडून तो धुवा. डीपीडी किटमध्ये (क्लोरीन मोजायच्या किटमध्ये) गुलाबी रंग येऊन लगेच उडाला, तर ते शून्य नव्हे, जास्त क्लोरीन असतं. एक भाग नमुन्यात चार भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून मोजा आणि आकडा पाचपट करा. आठवडा सहज जातो, कधी जास्तही. हायपोत काटकसर केली की काम लांबतं आणि शेवटी खर्च वाढतोच.

रात्री मोजलेलं क्लोरीन पहाटे एक पीपीएमपेक्षा जास्त उतरलं नसेल आणि पाणी नितळ असेल, तर झालं. आता फिल्टरमधली वाळू बदला. हा खर्च सगळ्यांनाच नको असतो, पण जुन्या वाळूत चिकटलेला चिकटा नवं क्लोरीन खातच राहतो. ऊन लागणाऱ्या पूलला ३० पीपीएमच्या आसपास सायन्युरिक ॲसिड द्या आणि क्लोरीन ३ पीपीएमपर्यंत उतरल्यावरच पोरांना पाण्यात उतरू द्या.